संगिनीवरील नांव

वस्तूवर नांव घालण्याची हौस मनुष्यास फार प्राचीन काळापासून आहे. परंतु तें नांव कोणाचें असावें याविषयीं सर्व वस्तूंचा नियम एक नाहीं. आमच्याकडे लग्नांत जीं तांब्यापितळेचीं भांडीं येत, त्यांवर देणाराचें नांव असे, घेणाराचें असे, तिथि असे, क्वचित् गांवही असे. ज्या तांबटानें तें भांडें ठोकून ठोकून आकारास आणिलें त्याचें नांव शोधावयाचें कोणाच्या मनांतही येत नसे. पुस्तकाची गोष्ट उलट. तेथें लिहिणाराचें नांव आधीं व मोठें, विकत घेणाराचें मागाहून आणि पेन्सिलीनें. वस्तूवर कोणाचें नांव कोरलें जातें यावरून त्या वस्तूच्या बाबतींत समाज कोणास ओळखूं इच्छितो हें समजतें, असें आम्हांस वाटत आलें आहे. गेल्या वर्षीं एका अगदीं निराळ्या वस्तूवरील नांव वाचण्याचा प्रसंग आमच्यावर आला, आणि तेव्हांपासून हा विषय मनांतून जात नाहीं. ती वस्तु म्हणजे बंदुकीची एक जुनी संगीन.

सातारा जिल्ह्यांतील एका परिचित कुटुंबांत ती आहे. घरच्या वृद्ध आजींचे सासरे पहिल्या महायुद्धांत मराठा पलटणींतून मेसोपोटेमियांत गेले होते, आणि कुतच्या वेढ्यांतून येतांना त्यांनीं ही संगीन आणिली अशी घरांत समजूत आहे. दर खंडेनवमीस ती भिंतीवरून खालीं उतरते, राखेनें घांसली जाते, तिला हळदकुंकू व झेंडूचें फूल वाहिलें जातें, आणि दसरा झाला कीं पुन्हा खिळ्यावर चढते. आजींचा नातू शाळेंत शिक्षक आहे. जुन्या शस्त्रांवरील खुणा वाचण्याचा आम्हांस थोडाफार नाद आहे हें त्यास ठाऊक होतें. त्यानें ती आमच्यापुढें ठेवून म्हटलें, “यावर काय काय लिहिलंय तें एकदां सांगा. मुलांसाठीं लिहून ठेवावं म्हणतों.”

संगीन हा शब्दच मोठा मौजेचा आहे. फारशींत ‘संग’ म्हणजे दगड. त्यावरून संगीन म्हणजे दगडी, जड, भक्कम. आपण संगीन बांधणी म्हणतों, संगीन पुरावा म्हणतों, आणि बंदुकीच्या तोंडाशीं बसविलेल्या पात्यासही संगीनच म्हणतों. हा पुरावा किती संगीन निघेल याची त्या वेळीं आम्हांस कल्पना नव्हती. वर्षानुवर्षांच्या राखेनें अक्षरें बरींच पुसट झालीं होतीं. अशा वेळीं उत्साहानें घांसावयास लागूं नये. दिवा बाजूस, पात्याच्या पातळींत धरावा, म्हणजे खोलगट रेघांत सांवली पडून अक्षरें आपोआप वर येतात. तेवढ्यानें न जमल्यास पातळ कागद ठेवून त्यावरून मऊ पेन्सिल आडवी फिरवावी. मुठीलगत, धार सुरू होण्यापूर्वीं, पात्याचा जो सपाट भाग असतो तेथें या शस्त्राची जन्मपत्रिका लिहिलेली असते.

पातें सतरा इंच लांब, एका बाजूस धार. वर मुकुट, त्याखालीं राजाच्या नांवाचीं आद्याक्षरें, त्याखालीं १९०७. नवखा वाचक येथेंच फसतो आणि हें पात्याच्या जन्माचें साल समजतो. वस्तुतः हा नमुना ज्या वर्षींचा, तें हें साल होय (नमुनाही बराचसा जपानी संगिनीवरून सुचलेला). दहा वर्षांनीं घडलेल्या पात्यावरही तोच आंकडा असावयाचा. खरा जन्म बारीक अंकांत असतो: आधीं महिना, मग सालाचे शेवटचे दोन आंकडे. आणि त्याजवळ घडविणाराचें नांव. लंडनचे विल्किन्सन, शेफील्डचे सँडरसन किंवा चॅपमन, बर्मिंगहॅमचे मोल. एन्फील्डच्या सरकारी कारखान्याचें काम असेल तर त्याचीं नुसतीं तीन अक्षरें. आमच्या हातांतील पात्यावर सँडरसन होते, आणि त्यांच्याजवळ दोन आंकडे होते: २ व १८. फेब्रुवारी १९१८.

कुतचा वेढा डिसेंबर १९१५ मध्यें पडला, आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं जनरल टाउनशेंड यांनीं सुमारें तेरा हजार लोकांसह शस्त्रें खालीं ठेविलीं. त्या सैन्याचें नांवच मुळीं पुणें डिव्हिजन. तींत मराठ्यांच्या पलटणी होत्या. पाडाव झालेल्यांस उन्हांतून पायीं चालवीत नेलें. पुष्कळ वाटेंतच मेले, आणि उरलेल्यांपैकीं कित्येकांस रेल्वेच्या रस्त्यावर मजुरीस जुंपलें. असल्या कैदेंतून कोणी संगीन घेऊन परत येत नाहीं, ही गोष्ट आमच्या ध्यानांत आधींच यावयास पाहिजे होती. परंतु फुलें वाहिलेल्या वस्तूकडे पाहून असले प्रश्न सुचत नाहींत. येथें तर पोलाद स्वतःच सांगत होतें, कीं कुत पडलें तेव्हां आपण जन्मासच आलों नव्हतों.

पातें उलटें केलें. त्या बाजूस सरकारी तपासणीच्या खुणा असतात. ब्रिटिश सरकारची मालकी दाखविणारा रुंद फाळाचा बाण. तपासनिसांचे ठसे, म्हणजे बारीक मुकुट, एक अंक, आणि एन्फील्डचें ‘ई’. आणि फुलीसारखी एक खूण, जिचा अर्थ पातें वांकवून पाहिलें व तें पुन्हा सरळ झालें, इतकाच. या सर्वांच्या शेजारीं दोन बाण टोंकास टोंक भिडवून ठोकलेले होते. सरकारनें ही वस्तु आपल्या मालकींतून काढून विकून टाकिली, असा त्या जोडबाणांचा अर्थ आहे. म्हणजे ही संगीन कधीं ना कधीं बाजारांतून गेली होती.

नातवानें विचारलें, “काय निघालं?” आम्हीं म्हटलें, “सगळं नीट उतरून घेतों, मग सांगतों.” तो वेळ काढण्याचा बहाणा होता, हें कबूल करतों.

कागदावर एकेक खूण उतरीत असतां आम्हांस प्रश्न पडला, कीं हे इतके ठसे कोणासाठीं आहेत? शिपायास वाचण्यासाठीं खास नव्हेत. ते आहेत उद्यां येणाऱ्या तक्रारीसाठीं. १८८५ च्या जानेवारींत सुदानांत अबू क्लीआ येथें इंग्रजी सैन्याचा चौकोन फुटून हातघाईची लढाई झाली, तींत कित्येक शिपायांच्या संगिनी वांकल्या. विलायतेंत मोठा गवगवा झाला. वर्तमानपत्रांनीं विचारलें, हीं पातीं केलीं कोणीं, तपासलीं कोणीं? चौकश्या झाल्या. असा प्रश्न विचारला गेला कीं कारखान्याचें नांव, महिना, तपासनिसाचा अंक आणि ती फुली, हीं सर्व साक्षीस उभीं राहतात. नांव घालून कारखानदार लिहून देतो, कीं हें पातें वांकलें तर मला विचारा.

यांत प्रामाणिकपणा आहे, आणि आम्ही त्यास हंसत नाहीं. ज्या शिपायाचा जीव त्या सतरा इंचांवर अवलंबून, त्याच्या दृष्टीनें ती फुली कोणत्याही ताईतापेक्षां मोलाची. परंतु या जबाबदारीची मर्यादा ध्यानांत घ्यावी. पातें वांकलें तर त्याचें उत्तर सँडरसन देतील. वांकलें नाहीं, जेथें जावयाचें तेथें बरोबर गेलें, तर त्याचें उत्तर कोण देणार? त्यासाठीं पात्यावर जागाच ठेविलेली नाहीं. अपयशाचा धनी नांवानिशीं नोंदलेला आहे. यश निनांवी आहे.

कोणी म्हणेल, सुरी करणारास तरी ती कांद्यावर चालेल कीं गळ्यावर हें कोठें ठाऊक असतें? शेफील्डास जेवणाच्या टेबलावरील सुऱ्याही होतात. हा युक्तिवाद आम्हांस पुरा पटत नाहीं. सुरी करणारास संदिग्धतेचा आधार आहे. संगीन करणारास तो नाहीं. शिपाई संगिनीनें डबे फोडीत, लांकडें फोडीत, माती उकरीत, हें खरें. पण त्यासाठीं ती केलेली नसते, आणि तपासनीस ती वांकवून पाहतो तें डबे डोळ्यांपुढें आणून नव्हे. तरीही सर्व भार कारखानदाराच्या डोक्यावर टाकून मोकळें होणें हेंही आम्हांस फार सोपें वाटतें. ज्यानें मागणी केली त्याचा मुकुट नांवाच्या वर आहे. आणि ज्यांनीं प्रत्यक्ष पातें घडविलें त्यांचें तर नांवच नाहीं. सँडरसन हें मालकांचें नांव. शेफील्डच्या दगडी चाकांवर पातीं घांसणारे मजूर दगडाची व पोलादाची धूळ छातींत जाऊन अकालीं मरत, हें एकोणिसाव्या शतकांतील तेथल्या डॉक्टरांनीं लिहून ठेविलें आहे. त्या छात्यांवर कोणाचा ठसा होता?

नांवें खरीं असतात असेंही नाहीं. मध्ययुगांत जर्मनींतील पासाउ गांवच्या तरवारींवर धांवत्या लांडग्याची खूण असे. तिची कीर्ति झाल्यावर झोलिंगेनच्या कारागिरांनीं तोच लांडगा आपल्या पात्यांवर कोरण्यास आरंभ केला. टोलेडोच्या नामांकित उस्तादांचीं नांवेंही त्यांनीं अशींच उचललीं. आणि अँद्रिया फेरारा हें इटालियन नांव तर स्कॉटलंडांतील इतक्या तरवारींवर सांपडतें, कीं तेवढ्या करावयास एका माणसास अनेक जन्म घ्यावे लागले असते. आपल्याकडे मराठ्यांनीं ज्या सरळ लांब तरवारीस फिरंग म्हटलें, तिचें पातें पुष्कळदां युरोपांतून येई, मूठ येथली. आणि मागणी वाढतांच एतद्देशीय पात्यांवरही युरोपीय चिन्हांची नक्कल होऊं लागली. घेणारास नांव पाहिजे होतें, तें मिळालें. आजही संग्राहकांच्या बाजारांत खोटा ठसा ठोकून सामान्य पात्यास दुर्मिळ करणारे लोक आहेत. त्यांची कला पाहून आम्हांस राग येतो, पण विस्मय वाटत नाहीं.

खोट्या नांवापेक्षां आम्हांस अधिक अस्वस्थ करणारी गोष्ट निराळीच आहे, आणि ती जर्मन संगिनींवर सांपडते. पहिल्या महायुद्धापर्यंत त्या वाचणें सोपें. मुठीलगत कारखान्याचें नांव व गांव. पात्याच्या पाठीवर मुकुट, राजाचें आद्याक्षर, आणि सालाचे दोन आंकडे. त्या पात्यांवर जीं नांवें येतात त्यांत दोन अशीं: ‘अलेक्स. कॉपेल, झोलिंगेन’ आणि ‘सिमसन आणि कंपनी, सूल’. दोन्ही घराणीं ज्यू. कॉपेलांपैकीं गुस्टाव्ह कॉपेल यांस झोलिंगेन शहरानें आपलें सन्माननीय नागरिकत्व दिलें होतें. कैसरच्या शिपायांनीं कमरेस जीं पातीं लाविलीं, त्यांतील कित्येकांवर हीं नांवें ठसठशीत होतीं, आणि त्यांत कोणास कांहीं वावगें वाटत नव्हतें.

१९३३ सालीं हिटलर सत्तेवर आला. शस्त्रें किती व कोठें तयार होतात हें परराष्ट्रांस कळूं नये म्हणून कारखान्यांचीं नांवें पुसलीं गेलीं. त्यांच्या जागीं एक ‘एस’ व आंकडा आला. सालाच्या जागींही अक्षर आलें, १९३४ साठीं ‘के’ व १९३५ साठीं ‘जी’. पुढें महायुद्धांत आंकडा जाऊन तीन बारीक अक्षरें आलीं. ‘सी ओ एफ’ म्हणजे आइकहॉर्न, ‘एफ एन जे’ म्हणजे कॉपेलांचा कारखाना, अशा याद्या आज छापलेल्या मिळतात आणि कोणीही त्यांवरून कारखाना ओळखूं शकतो. मात्र ‘एफ एन जे’ हीं अक्षरें उमटूं लागलीं त्या वेळीं तो कारखाना कॉपेलांचा उरला नव्हता. सिमसनांचा कारखाना १९३५ सालीं हिरावून घेतला गेला व कुटुंब देश सोडून अखेर अमेरिकेस गेलें. कॉपेलांचा कारखाना १९३६ सालीं गेला. त्याच घराण्यांतील, तेंच नांव धारण करणारे डॉ. अलेक्झांडर कॉपेल झोलिंगेनमध्येंच राहिले. ते शहाहत्तर वर्षांचे असतां १९४२ च्या उन्हाळ्यांत त्यांस तेरेझिएनश्टाटच्या छावणींत नेलें गेलें, आणि ऑगस्टांत तेथेंच ते वारले.

या हकिगतीवरून ‘शस्त्रें करणारास शस्त्रवाल्यांनींच शेवट दाविला’ असा न्याय काढणारा कोणी निघेल. तो न्याय नव्हे, निष्ठुरपणा होय. शेजारच्या आइकहॉर्नांसही शस्त्रेंच करावयाचीं होतीं व त्यांस कोणी छावणींत नेलें नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच, कीं नांव हें केवळ अभिमानाचें चिन्ह नसतें. तें धरावयाचा कान असतो. नांव असेपर्यंत कोणी तरी विचारूं शकतो, ‘हें तुम्ही केलें काय?’ सांकेतिक अक्षरांस असें विचारतां येत नाहीं. त्या अक्षरांच्या आड कारखाना लुटणारे लपले, आणि जर्मन कारखान्यांत परदेशांतून धरून आणलेले जे वेठीचे मजूर राबत होते तेही त्यांच्याच आड नाहींसे झाले. पूर्वीं निदान मालकाचें नांव असे. आतां गरुडाचा छाप व एक आंकडा एवढाच तपासणीचा पुरावा राहिला, आणि पातें पूर्वींइतकेंच सरळ होतें.

कृत्याची खूण पात्यावर कधींच उमटत नाहीं काय? याचें एकच चमत्कारिक उदाहरण आम्हांस ठाऊक आहे. पहिल्या महायुद्धांतील कांहीं जर्मन संगिनींच्या पाठीवर करवतीसारखे दांत असत. ते लांकूड कापण्यासाठीं होते, परंतु शत्रूनें त्यांवरून क्रौर्याचा मोठा डांगोरा पिटला, आणि असें पातें बाळगणारा शिपाई शत्रूच्या हातीं सांपडल्यास त्याचे हाल होतात असें बोललें जाऊं लागलें. १९१७ पासून सरकारनें ते दांत घांसून काढविले. अशी घांसलेली पाठ आजही हातास कळते. तेथें पश्चात्ताप नाहीं, केवळ धोरण आहे. तरी हें शस्त्र दुसऱ्याच्या शरीरांत जातें याची सरकारी कबुली म्हणून आम्हांस दुसरें कांहीं दाखवितां येत नाहीं.

असो. कागद भरला होता आणि नातू वाट पाहत होता. त्यास आम्हीं अंगणांत नेऊन सर्व सांगितलें. तो शहाणा मुलगा, क्षणभर गप्प राहून म्हणाला, “म्हणजे आम्ही इतकीं वर्षं खोट्यालाच फुलं वाहिलीं.” आम्हीं म्हटलें, खोटें असें म्हणतां येत नाहीं. जी संगीन तुमच्या पणजोबांनीं कुतला खरोखर बाळगिली ती तेथें शत्रूच्या हातीं गेली असेल; परत आल्यावर कधीं तरी, कोठें तरी, त्यांनीं ही विकत घेतली असेल; किंवा मागाहून दुसऱ्या कोणीं आणिली असेल. हें सर्व आमचें अनुमान. पोलाद इतकेंच सांगतें कीं तें तेथें नव्हतें. पणजोबा तेथें होते कीं नव्हते, याविषयीं तें कांहींच सांगत नाहीं. एवढें बोलून आम्हीं विचारलें, “आजींना सांगावयाचें काय?”

यावर आमचें दोघांचें एकमत झालें नाहीं. आमच्या मतें नव्वदीस टेंकलेल्या बाईच्या श्रद्धेवर एका तारखेचा घाव घालण्याचें कारण नव्हतें. नातू म्हणाला, मी शाळेंत मुलांना इतिहास शिकवतों, घरांत एक आणि वर्गांत एक मला करतां येणार नाहीं. आम्हांस त्याचें म्हणणें अवघड वाटलें, पण चूक म्हणतां येईना. शस्त्रावर नांव व तारीख घालणाऱ्यांकडे जो प्रामाणिकपणा आम्ही मागत होतों, तोच तो स्वतःच्या घराकडे मागत होता. अखेर तोच आंत गेला.

आजी सोप्यांत भाजी निवडीत बसल्या होत्या. त्यानें समजावून सांगितलें: हा महिना, हें साल, कुत त्याच्या आधींच पडलें, आणि हे दोन बाण म्हणजे सरकारनें विकल्याची खूण. त्यांनीं शेंगेच्या शिरा काढणें थांबविलें नाहीं. सगळें ऐकून आमच्याकडे वळून विचारलें,

“इतकी नावं आहेत म्हणता तिच्यावर. मामंजींचं आहे का?”

आम्हीं म्हटलें, “नाहीं, आजी. शिपायाचं नांव घालीत नसत.”

“मग त्यांचं तिला काय विचारायचं?” असें म्हणून त्यांनीं नातवास संगीन पुन्हा जागेवर ठेवण्यास सांगितलें. राखेनें घांसल्यानें अक्षरें झिजतात, यापुढें नुसता तेलाचा बोळा फिरवावा, असें आम्हीं जातां जातां सुचविलें. त्यांनीं मान हालविली. यंदाच्या खंडेनवमीनंतर नातवाचें पत्र आलें, त्यांत संगिनीचा उल्लेख आहे. फुली अजून दिसते, सँडरसन मात्र आतां नीट वाचतां येत नाहींत.